मदतनिधी, मोबाईल आणि पोचपावती

(रायपूर येथील सदर बाजारात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या संयुक्त मेळाव्यात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण. जागेअभावी थोडे संक्षिप्त करून देत आहोत. – संपादक)



आजच्या मेळाव्यासाठी मला विषय दिला आहे, ‘समाजमाध्यमांतून मदतनिधी कसा उभारावा’. विषय देणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याला मी म्हटले, अरे, मी मॅट्रिक झालेला माणूस, मोबाईलमधले निम्मे मला नातवाला विचारावे लागते. त्यावर तो म्हणाला, “काका, मोबाईलचे आम्ही बघू. पैशाचे तुम्ही बोला.” म्हणून मी पैशाचे बोलणार आहे.

आपण सदर बाजारात बसलो आहोत. बाहेर दोन्ही अंगांना सराफांच्या पेढ्या आहेत. या बाजाराची एक गोष्ट माझे वडील सांगत. ते वॅगन रिपेअर शॉपमध्ये खलाशी होते. १९७४ साली ८ मेपासून २७ मेपर्यंत देशभर रेल्वेचा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा आपल्या चळवळीचे नेते होते. हजारो कामगार तुरुंगात गेले, क्वार्टर खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या, घराघरांत चुली थंड झाल्या. तेव्हा वडील आणि त्यांचे दोन साथीदार झोळी घेऊन याच रस्त्याने मदत मागत फिरले. दिवस असे होते की संपवाल्यांना मदत करतानाही लोक आजूबाजूला बघत. एका पेढीवरच्या वृद्ध सराफाने दहाची नोट काढली आणि म्हणाला, “माझे नाव लिहू नका. ‘एक हितचिंतक’ लिहा. पण पावती द्या.”

वडील ही गोष्ट पुष्कळदा सांगत, आणि दर वेळी शेवटी म्हणत, “त्याला आपले नाव नको होते, पण आमची सही हवी होती.”

बंधूंनो, एवढेच आज मला सांगायचे आहे. पुढे जे बोलेन ते याचाच विस्तार आहे.

मागून पैसा उभा करणे ही काही मोबाईलने आणलेली नवी रीत नाही. ती आपल्या रक्तात आहे. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थाने कल्पना काढली की प्रत्येक माणसाने देशी उद्योगासाठी वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. लोक हसले. पण लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबाघरच्या मूठमूठ धान्यावर मुलांची वसतिगृहे चालवली. आपल्या रायपुरातही वामनराव लाखे यांच्यासारख्या मराठी माणसाने सहकाराची चळवळ रुजवली आणि १९१३ साली येथे सहकारी बँक उभी केली. महात्मा गांधी १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये हरिजन निधीसाठी दौरा करत या गावात आले होते. लोक त्यांना अंगावरचे दागिने काढून देत. का देत? कारण हा माणूस पैपैचा हिशेब ठेवतो, ही खात्री लोकांना होती.

आणि लांब कशाला जायचे? इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दल्ली राजहरा आहे. भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या तिथल्या खाणींत ठेक्यावर राबणाऱ्या मजुरांची शंकर गुहा नियोगी यांनी संघटना बांधली. संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावल्या. मजुरांनी ठरवले, आपले इस्पितळ आपणच बांधायचे. स्वतःची वर्गणी आणि स्वतःचे श्रम घालून त्यांनी ते बांधले आणि १९८३ च्या जूनमध्ये सुरू केले. १९७७ च्या गोळीबारात मेलेल्या मजुरांच्या आठवणीसाठी त्याचे नाव शहीद हॉस्पिटल ठेवले. हातावर पोट असलेल्या माणसांनी इस्पितळ उभे केले. तिथे एकाही मजुराला विचारावे लागले नाही की माझा पैसा गेला कुठे. भिंत रोज वर चढताना त्याला दिसत होती.

आता टपाल खात्यातील बंधू इथे बसले आहेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मनीऑर्डर या देशात १८८० साली सुरू झाली. मुंबईच्या गिरणीतला माणूस कोकणात पैसे धाडी आणि पोस्टमन ते म्हातारीच्या हातात मोजून ठेवी. पण काम तेवढ्यावर संपत नसे. म्हातारीचा अंगठा किंवा सही घेतलेली पोच परत मुंबईला येई. ती पोच हातात पडली की मगच पाठवणाऱ्याला झोप लागे. ती जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. २०१६ साली यूपीआय आले. आज चहावाल्याच्या टपरीवरही क्यूआर कोड आहे. पैसा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोचतो. पण म्हातारीचा अंगठा काही परत येत नाही. मोबाईल ‘पेमेंट सक्सेसफुल’ म्हणतो. म्हणजे पैसा कोणाच्या तरी खात्यात गेला. ज्याच्यासाठी दिला त्याच्या कामी आला की नाही, हे मोबाईल सांगत नाही. ते माणसानेच सांगावे लागते.

या नव्या साधनाची ताकद मी कमी लेखत नाही. २०१४ साली अमेरिकेत डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याची टूम निघाली. आपल्यापैकी अनेकांनी ते व्हिडिओ हसत हसत पाहिले असतील. पण त्या टुमेतून एका असाध्य मज्जारोगावर काम करणाऱ्या तिथल्या संस्थेला साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. २०१८ साली केरळात महापूर आला तेव्हा मुख्यमंत्री मदतनिधीला देशातून आणि परदेशातून लोकांनी मोबाईलवरून पैसे धाडले. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतील एका पाच-सहा महिन्यांच्या मुलीला सोळा कोटी रुपयांचे औषध हवे होते. आईवडिलांनी समाजमाध्यमांवर हाक दिली आणि अनोळखी लोकांनी ती रक्कम जमवून दिली. सरकारनेही औषधावरचा सहा कोटींहून जास्त कर माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधील आणखी एका मुलीसाठी लोकांनी असेच औषध उभे केले. औषध मिळाले, पण ऑगस्टमध्ये ती गेली. देणाऱ्यांनी यश विकत घेतलेले नसते. ते प्रयत्नाला पैसा देतात. म्हणूनच प्रयत्न प्रामाणिक झाला, एवढे त्यांना कळवणे हे आपले कर्तव्य ठरते.

आता दुसरी बाजू पाहा. २०२० च्या मार्चअखेर कोरोनाची टाळेबंदी लागली. पीएम केअर्स निधी स्थापन झाला. रेल्वेच्या तेरा लाख कर्मचाऱ्यांच्या पगारातून १५१ कोटी रुपये देण्याचे रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केले. म्हणजे आपण देण्यात मागे नव्हतो. पण निधी जाहीर होऊन दोन दिवस होतात न होतात तोच दिल्ली पोलिसांना लोकांना सावध करावे लागले, कारण त्या निधीच्या नावाशी अगदी मिळताजुळता, शेवटचे एक अक्षर गाळलेला, खोटा यूपीआय पत्ता फिरू लागला होता. एका अक्षराचा फरक! कितीतरी भल्या माणसांनी चष्मा न लावता पैसे धाडले असतील.

त्याच वर्षी दिल्लीत मालवीय नगरच्या एका वृद्ध ढाबेवाल्याचा व्हिडिओ देशभर गेला. ‘बाबा का ढाबा’ नाव आपण ऐकले असेल. लोकांनी भरभरून मदत पाठवली. महिन्याभरात ढाबेवाला आणि व्हिडिओ करणारा तरुण यांच्यात पैशांवरून बेबनाव झाला, प्रकरण पोलिसांत गेले. पुढे २०२१ साली त्या वृद्धाने माफी मागून वाद मिटवला. कोण खरे, कोण खोटे, याचा निवाडा मी करत नाही. मला त्यात दिसते ते इतकेच की मदत तिसऱ्याच माणसाच्या वैयक्तिक खात्यात घेतली की चांगल्या माणसालाही आपला चांगुलपणा सिद्ध करत बसावे लागते.

बंधूंनो, हे मी पेपरात वाचून बोलत नाही. हे माझ्या शाखेत घडले आहे आणि त्यात चूक माझीही आहे.

तीनेक वर्षांमागे ट्रॅकवर काम करताना ठेकेदाराचा एक मजूर गाडीच्या धक्क्याने गंभीर जखमी झाला. तो आपला सभासद नव्हता. पण दोन वर्षे आपल्याच गँगबरोबर उन्हातान्हात राबत होता, आपल्याच डब्यातली भाकरी खात होता. ठेकेदाराने पहिल्या दिवशी पाच हजार रुपये दिले आणि फोन बंद केला. एका खासगी इस्पितळाने अनामत मागितली. आमच्यातला एक तरुण ट्रॅक मेंटेनर, मनाचा फार मऊ मुलगा, त्याने रात्री अकरा वाजता त्या मजुराचा फोटो, चार ओळी आणि स्वतःचा क्यूआर कोड शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मी तो मजकूर वाचला, अंगठा दाखवला आणि पुढच्या सहा ग्रुपवर पाठवला. सचिव या नात्याने मी तेव्हा एक प्रश्न विचारायला हवा होता की खाते कोणाचे? मी विचारला नाही. घाई होती, जीव वाचवायचा होता.

पैसे आले, आणि धो धो आले. गोंदियाहून, डोंगरगडहून, नागपूरहून, कधी न पाहिलेल्या माणसांचे. कोणी अकरा रुपये, कोणी पाच हजार. नवव्या दिवशी तो मजूर वारला. आम्ही त्याला त्याच्या गावी पोचवले, क्रियाकर्म झाले. आम्हाला वाटले, प्रकरण संपले.

पण मजकूर मेला नव्हता. ‘रुग्ण अतिदक्षता विभागात आहे, तातडीने मदत करा’ हा निरोप महिना, दोन महिने, चार महिने एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरतच राहिला आणि त्या मुलाच्या खात्यात पैसे येतच राहिले. त्याला ते थांबवता येईना. त्याच सुमारास त्याने कर्ज काढून मोटारसायकल घेतली. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणाले, “मेलेल्याच्या पैशावर गाडी आली बघ.” चार दिवसांत ते वाक्य सगळ्या सेक्शनभर झाले. वर कार्यालयातून त्याला खुलासा मागणारे पत्र आले की सरकारी नोकर असताना परवानगीविना जनतेकडून वर्गणी का गोळा केली? मुलगा खचला. युनियन ऑफिसला यायचा बंद झाला. त्याची आई माझ्या घरी आली आणि म्हणाली, “दादा, पुन्हा कोणाला मदत करू नको म्हणून मी त्याला शपथ घातली आहे.”

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. एक मजूर गेला, ते आपल्या हातात नव्हते. पण मदत करणाऱ्या मुलाच्या मनातून मदतच उठून जावी, ही आपल्या संघटनेची हार होती.

मग आम्ही काय केले ते सांगतो. मी, आमचे खजिनदार आणि तो मुलगा, तिघे तीन रात्री बँकेचे खातेपुस्तक घेऊन बसलो आणि एकेक नोंद हाताने उतरून काढली. एकूण जमा नोंदी ७१३. एकूण रक्कम २,८६,४५० रुपये. इस्पितळाचे बिल १,७४,०००. बाहेरून आणलेली औषधे १२,०५०. गावी नेणे आणि अंत्यसंस्कार १८,०००. शिल्लक ८२,४००. त्यातले ५७,९०० रुपये तो मजूर गेल्यानंतर आलेले. हा सारा हिशेब बिलांच्या झेरॉक्ससह आम्ही नोटीस बोर्डावर लावला आणि ज्या ज्या ग्रुपवर मी मागणी पाठवली होती त्या प्रत्येक ग्रुपवर हिशेबही पाठवला. सोबत लिहिले की उपचारासाठी आलेल्या पैशातून शिल्लक उरली आहे, ती मजुराच्या चार वर्षांच्या मुलीच्या नावे ठेवण्याचा विचार आहे, ज्यांना आपली रक्कम परत हवी त्यांनी पंधरा दिवसांत कळवावे. एका गृहस्थांनी पाचशे रुपये परत मागितले. आम्ही आभार मानून परत केले. तो त्यांचा हक्क होता. उरलेले ८१,९०० रुपये मुलीच्या आईने पोस्टात सुकन्या समृद्धी खाते उघडून भरले. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आजही आमच्या ऑफिसात लावलेली आहे. खाते क्रमांक झाकून लावली आहे, कारण हिशेब सर्वांचा असला तरी खाते त्या मुलीचे आहे.

हिशेब लागला त्या दिवशी टपरीवरचे तोंड बंद झाले. पत्राचे उत्तर युनियनने दिले, प्रकरण समज देण्यावर मिटले. मुलगा आज इथे सभागृहात आहे. नाव घेत नाही, पण आजचा विषय त्यानेच सुचवला.

यातून आम्ही आमच्या शाखेसाठी काही नियम ठरवले. ते आपल्यापुढे ठेवतो. पटतील ते घ्या.

पहिला नियम खात्याचा. कोणाही व्यक्तीच्या खाजगी क्यूआर कोडवर मदत घ्यायची नाही, मग तो सचिव असो की खजिनदार. आपल्या माणसासाठी गोळा करायचे तर शाखेच्या खात्यात, जिथून दोघांच्या सहीशिवाय पैसा निघत नाही. एखाद्या अनाथाश्रमाला, वाचनालयाला, रक्तपेढीला द्यायचे तर थेट त्या संस्थेच्या खात्यात. आपण मध्ये पैसा हाताळायचाच नाही, फक्त लोकांना वाट दाखवायची.

दुसरा नियम कायद्याचा, आणि हा विशेष लक्षात ठेवा. रेल्वे कर्मचाऱ्यांना १९६६ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि टपाल खात्यातील नियमित कर्मचाऱ्यांना १९६४ चे. दोन्हींत बारावा नियम वर्गणीचा आहे. कोणत्याही कारणासाठी निधी गोळा करायचा, स्वीकारायचा किंवा त्या कामाशी संबंध ठेवायचा तर सरकारी नोकराला आधी मंजुरी घ्यावी लागते. स्वतः दान देण्याला हरकत नाही. युनियनच्या सभासदाने सभासदांकडून युनियनच्या कल्याणकार्यासाठी वर्गणी घेण्यालाही हरकत नाही. पण सभासदांच्या बाहेर, जनतेकडे हात पसरला की मंजुरी हवी. आता मला सांगा, व्हॉट्सॲपचा निरोप सभासदांपुरता राहतो का? फेसबुकवर टाकलेली मागणी कोणाकोणाला दिसते? झोळी घेऊन सदर बाजारात उभा राहिलेला माणूस आणि फेसबुकवर क्यूआर कोड टाकणारा माणूस, नियमाच्या दृष्टीने दोघे सारखेच. म्हणून बाहेर जायचे असेल तर आधी कागद करा, मंजुरी घ्या, नाहीतर नोंदलेल्या संस्थेला तिच्या नावाने मागू द्या. महाराष्ट्रात तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१-क कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या मंडळालाही धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सवाच्या मंडळांत असलेल्या बंधूंना हे ठाऊक आहे.

तिसरा नियम मजकुराचा. निरोपात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत. कोणासाठी, कशासाठी, किती रकमेची गरज, कोणत्या तारखेपर्यंत, आणि शिल्लक उरली तर ती कुठे जाणार. यातली तारीख सर्वांत महत्त्वाची. आमच्या निरोपात तारीख असती तर चार महिने तो भुतासारखा फिरला नसता. ठरलेली रक्कम जमली की त्याच ग्रुपवर लिहायचे, ‘रक्कम पूर्ण झाली, कृपया आता पाठवू नये’. मागताना जेवढा आवाज चढवतो तेवढाच थांबवतानाही चढवायला हवा.

चौथा नियम अब्रूचा. घरच्यांना विचारल्याशिवाय कोणाचा फोटो टाकायचा नाही. रक्ताने माखलेला, नळ्या लावलेला, रडणारा, असा फोटो तर नाहीच. अशा फोटोने पैसे जास्त येतात, असे म्हणतात. येत असतील. पण त्या मजुराची मुलगी उद्या मोठी होईल, तिच्या हातात मोबाईल येईल, आणि तिच्या बापाचा तो फोटो तिच्यासमोर येईल. आम्ही तो टाकला होता. ही दुसरी चूक, जी कोणत्याही हिशेबाने दुरुस्त होणार नाही.

पाचवा नियम देणाऱ्याने पाळायचा. एखादी संस्था मागत असेल तर तिचा नोंदणी क्रमांक विचारा. आपल्या छत्तीसगडमध्ये सोसायटी असेल तर ती १९७३ च्या कायद्याखाली नोंदलेली असते. संस्थेच्या कार्यालयात फोन करा, जवळ असेल तर जाऊन या. आयकरातील देणगीची सवलत ज्यांनी जुनी करपद्धत ठेवली आहे त्यांनाच उपयोगाची, आणि दोन हजारांवर रोख दिले तर तीही मिळत नाही. तेव्हा करसवलतीच्या नावाखाली रोख मागणाऱ्यापासून सावध असा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाकडून कोणत्याही संस्थेला परस्पर पैसे मागू नका. परदेशी देणगीचा कायदा कडक आहे, त्यासाठी संस्थेला वेगळी नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. आणि एक साधी गोष्ट घरोघरी सांगा. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. ‘तुम्हाला मदत पाठवतो, फक्त पिन टाका’ असे जो म्हणतो तो चोर समजा.

क्राउडफंडिंगच्या वेबसाइटही आहेत, केट्टो, मिलाप यांसारख्या. मोठ्या आजारात त्यांचा उपयोग होतो, कारण किती आले ते सर्वांना पानावर दिसते. पण जाण्यापूर्वी त्यांचे शुल्क किती, ‘टिप’ म्हणून वेगळे काय घेतात, आणि पैसा इस्पितळाला जातो की घरच्यांना, हे विचारून घ्या. लाजू नका. विचारणे हा अपमान नाही. त्या सराफाने पावती मागितली म्हणून वडिलांना राग आला नव्हता. उलट त्यांची मान ताठ झाली होती.

सहावा आणि शेवटचा नियम पोचेचा. निधी बंद झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत हिशेब त्याच ग्रुपवर आणि नोटीस बोर्डावर, दोन्हीकडे. मोबाईलवर तर आहेच, मग कागद कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. त्याचे कारण असे की आपल्या गँगमध्ये अजूनही असे वडीलधारे आहेत जे मोबाईल फक्त बोलायला वापरतात, पण ज्यांनी खिशातून शंभराची नोट काढून दिली. त्यांनाही हिशेब वाचण्याचा तितकाच हक्क आहे.

कोणी म्हणेल, इतके नियम करत बसलो तर माणूस मरून जाईल. घाईचे उत्तर घाईत शोधायचे नसते, ते आधी तयार ठेवायचे असते. आम्ही शाखेत आता आपत्कालीन निधी वेगळा ठेवला आहे. दर सभासद महिन्याला वीस रुपये देतो. रात्री अकराला फोन आला तर पहिली अनामत त्यातून भरली जाते आणि निरोप नीट लिहायला एक दिवस मिळतो. वीस रुपये म्हणजे आजचा पैसा फंडच समजा.

मित्रांनो, समाजमाध्यमांवर मागणारे आज हजारो आहेत. त्यांच्याजवळ चांगले कॅमेरे आहेत, गोड आवाज आहेत, आपल्याजवळ ते नाहीत. पण आपल्याजवळ एक गोष्ट आहे जी त्यांतल्या पुष्कळांजवळ नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून युनियनला वर्षाचा हिशेब तपासून सरकारदरबारी द्यावा लागत आला आहे. पावती पुस्तक, रोखवही, दोन सह्या, सर्वसाधारण सभेत उभे राहून प्रश्न विचारणारा सभासद, या सगळ्याला आपण कधी कधी कंटाळतो. तरुणांना ते जुनाट वाटते. पण ज्या दिवशी आमचा एक निर्दोष मुलगा चोर ठरू पाहत होता, त्या दिवशी त्याला वाचवले ते त्या जुनाट रोखवहीने. टपाल खात्यातील बंधूंनो, तुमच्या पिढ्यांनी म्हातारीचा अंगठा मुंबईपर्यंत परत पोचवला. मोबाईल हातात घेताना ते काम विसरू नका.

त्या मुलाच्या आईला मी इथून सांगू इच्छितो की वहिनी, त्याला घातलेली शपथ मागे घ्या. त्याने मदत करायलाच हवी. या वेळी तो एकटा राहणार नाही. खाली दोन सह्या असतील, त्यातली एक माझी.



कामगार एकजुटीचा विजय असो! जय हिंद!